तेवढंच आलं

जगातल्या लिहिलेल्या कागदांचे मी दोन वर्ग करतो. काही कागद कुणीतरी वाचावेत म्हणून लिहिलेले असतात आणि काही कुणीतरी घ्यावेत म्हणून. प्रेमपत्र पहिल्या वर्गातले, घरपट्टीचा अर्ज दुसऱ्या. वाण्याची यादी पहिल्या वर्गातली, कारण ती नीट वाचली नाही तर साखरेऐवजी मीठ घरात येते. लग्नपत्रिकेचा बराचसा मजकूर मात्र दुसऱ्या वर्गात जमा करावा लागतो. तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता यांपलीकडे ती कुणी वाचल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. ही वाटणी सगळीकडे सुखाने लागू पडते. अडते ती एकाच ठिकाणी. कॉलेजातला विद्यार्थी सत्राच्या अखेरीस जी जर्नले, फायली आणि प्रकल्पांचे अहवाल नेऊन देतो, ते कागद कोणत्या वर्गात घालायचे? देणाऱ्याला वाटते, ते नुसते घेतले जावेत. घेणाऱ्याला वाटते, ते नुसते वेळेवर दिले जावेत. आणि ज्या शहाण्या माणसांनी हा प्रकार मुळात सुरू केला, त्यांची समजूत अशी होती की ते वाचले जातील!

या कागदांचा एक हंगाम नेमका दिवाळीच्या तोंडावर येतो. एकीकडे पहिले सत्र संपत आलेले असते, दुसरीकडे भाजणी दळून आलेली असते, आणि कॉलेजात जाणारी मुले असलेल्या घरात दोन कारखाने एकाच वेळी सुरू होतात. आमच्या शेजारच्या वहिनींकडे हे मी पाहत आलो आहे. आत चकलीचा सोऱ्या आणि बाहेर सबमिशन. धाकटी प्रयोगवहीत भिंगांच्या आकृत्या काढते आहे. थोरला अभियांत्रिकीचा. त्याने टीपॉयवरची काच उतरवून दोन स्टुलांवर आडवी टाकली आहे. खाली दिवा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली ड्रॉइंगची शीट, तिच्यावर स्वतःची कोरी, आणि खालून उजळलेल्या रेघा तो मोठ्या भक्तिभावाने गिरवतो आहे. या विद्येला अभियांत्रिकीच्या मुलांत 'जीटी मारणे' म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सोप्यावर बसलेले वडील अनुक्रमणिकेत पानांचे आकडे भरताहेत. आणि आतून वहिनींचा आवाज येतो, "अरे, पाहुणे यायच्या आत ती काच जागेवर ठेव रे बाबा! मागच्या वर्षी तिच्यावर शाई सांडून ठेवली होतीस."

सारे घर असे राबत असते. एका मुलाने स्वतः किती काम केले, ते विद्यापीठाला कळावे म्हणून.

ज्यांनी विज्ञानशाखा पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक प्रयोग जर्नलात एका ठरलेल्या साच्यात लिहायचा असतो : उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षणे, आकडेमोड, निष्कर्ष. प्रत्येक प्रयोगाखाली शिक्षकांची सही लागते. सगळे प्रयोग झाले की पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का. याला 'जर्नल सर्टिफाय होणे' म्हणतात, आणि पूर्वी पत्रिका जुळल्याची बातमी घरात जशी सांगत, तशी ही बातमी मुले घरी येऊन सांगतात. कारण त्या सहीवाचून प्रात्यक्षिक परीक्षेच्या दारातच उभे करीत नाहीत.

मी पस्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, आणि त्या पस्तीस वर्षांत माझ्या खिशाला तांबड्या शाईचे पेन नव्हते असा कामाचा दिवस आठवत नाही. तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. एका वर्गात साठ मुले, प्रत्येकाचे दहा प्रयोग. म्हणजे एका वर्गापायी सहाशे सह्या. असे तीन-चार वर्ग. हे सारे सत्र संपण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदम येऊन पडते. सही ही खरे म्हणजे वाचल्याची खूण. पण ढीग हनुवटीपर्यंत आला की ती हां हां म्हणता वही पोहोचल्याची खूण होते. मुले मोठी हुशार. सर वाचीत नाहीत हे त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळते, आणि मग तीही लिहीत नाहीत, उतरवून काढतात. कोण आधी थांबले, लिहिणारा की वाचणारा, हा वाद बीज आधी की झाड आधी यापेक्षा सोपा नाही.

याचा उत्तम नमुना म्हणजे लंबकाचा प्रयोग. दोऱ्याला धातूची गोळी बांधायची, ती हलकेच बाजूला नेऊन सोडायची, वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा, आणि दोऱ्याची लांबी व तो वेळ यांवरून पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते ते काढायचे. या ओढीचा एक आकडा पुस्तकात छापलेला असतो. सेंटिमीटरच्या हिशेबात तो ९८१. हल्ली मीटर वापरतात म्हणून ९.८१. आता मीटरभर दोऱ्याच्या वीस हेलकाव्यांना चाळीस सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागतो. घड्याळाचा खटका दाबायला सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला, तर उत्तर पाचाने सरकते. माणसाचे बोट आहे, तेवढे चुकायचेच. तेव्हा वर्गात कुणाचे उत्तर ९७०, कुणाचे ९८८, कुणाचे ९७६ असे यायला हवे. प्रत्यक्षात येते काय? झाडून साऱ्यांचे ९८१!

हे कसे घडते, ते फराळाच्या दिवसांत समजायला अवघड नाही. मुले त्याला 'रीडिंग कुक करणे' म्हणतात. आधी उत्तर ठरवायचे. त्यावरून उलट आकडेमोड करीत वेळ काढायचा. आणि तो अगदीच गुळगुळीत दिसू नये म्हणून शेवटच्या दशांशात चिमूटभर चूक घालायची. पाकात लिंबू पिळतात, तशी.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी देशावरच्या एका तालुक्याच्या गावी शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून एक प्राध्यापक आले होते. निवृत्तीला टेकलेले, धोतर जाऊन नुकतीच पँट आलेली, बोलणे तुटक. त्यांनी सगळी जर्नले टेबलावर मांडली आणि दुसरे काही न पाहता प्रत्येकातले लंबकाचे पान काढले. ९८१. ९८१. ९८०.९. ९८१. आणि मध्येच एक, ९७४.

"हे कुणाचं?"

एक मुलगी उभी राहिली. दूरच्या वाडीवरून एसटीने येणारी. गाडी चुकली तर पहिला तास चुकायचा.

"काय गं, सगळ्यांचं नऊशे एक्क्याऐंशी, आणि तुझं चौऱ्याहत्तर कसं?"

"सर, तेवढंच आलं."

"पुन्हा मोजलं नाहीस?"

"तीनदा मोजलं, सर. एकदा नऊशे एकाहत्तर आलं, एकदा अठ्ठ्याहत्तर, एकदा त्र्याहत्तर. तिन्ही लिहिलीत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसले. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि त्या रांगेकडे वळून विचारले, "नऊशे एक्क्याऐंशी हा आकडा कुठला आहे, ठाऊक आहे?" सगळे गप्प. "लंडनचा आहे तो. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही, आणि ती फिरतेही. म्हणून विषुववृत्तावर ही ओढ नऊशे अठ्ठ्याहत्तर आणि ध्रुवावर नऊशे त्र्याऐंशी. लंडनला एक्क्याऐंशी भरते. आपल्याकडे, मुंबई-पुण्याला, अठ्ठ्याहत्तर ते एकोणऐंशीच्या मध्ये. म्हणजे तुम्ही सगळे प्रयोग करायला लंडनला गेला होतात. ही एकटी इथे होती."

तिचे ९७४ अचूक होते, असे कुणी म्हणणार नाही. लंडनची ओढ आणि आपली ओढ यांतला फरक वीस हेलकाव्यांत जेमतेम सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा पडतो. तो कॉलेजच्या घड्याळाने पकडता येत नाही. पण अचूक असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सबंध प्रयोगशाळेत त्या दिवशी खरे उत्तर तेवढे एकच होते. प्राध्यापकांनी माझ्याकडून तांबडे पेन मागून घेतले, त्या आकड्याखाली 'स्वतः मोजले आहे' एवढे तीन शब्द लिहिले आणि सही केली. ती मुलगी पुढे शास्त्रज्ञ वगैरे झाली नाही. गावाकडच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांत उत्तरे भलतीच वेडीवाकडी येतात, असे मी ऐकतो. आणि ते ऐकून मला फार बरे वाटते.

लंडनचे नाव निघाले ते एका अर्थी बरेच झाले. लंडनचा आकडा आपल्या वह्यांतच नाही, आपल्या विद्यापीठांच्या पायातही बसलेला आहे. १८५४ सालच्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे काढायचे ठरले, तेव्हा नमुना म्हणून लंडन विद्यापीठ समोर ठेवले गेले. ते विद्यापीठ त्या काळी शिकवीत नसे. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे निघाली, ती याच घाटाची. मुंबईची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली आणि त्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची नावे होती. विद्यापीठाचे काम म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणे, ही समजूत तेव्हापासून आपल्या हाडीमाशी रुजली. गंमत अशी की, १८९८ च्या कायद्याने लंडन विद्यापीठाने आपले रूप पालटले आणि शिकवण्याचे कामही अंगावर घेतले. आपण मात्र ९८१ धरून बसलो.

या परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. वर्षभर मूल काय करते याचा तिला पत्ता नसतो. तीन तासांत जे उतरेल ते खरे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८-४९ साली, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठीय शिक्षणाचा आयोग बसला. त्याने सांगितले की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली, तर आम्ही परीक्षापद्धतीची सुचवू. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने वर्षभराच्या कामाचे कॉलेजातच मूल्यमापन व्हावे, यावर भर दिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सातत्याने होणाऱ्या मूल्यमापनाचा पुरस्कार आहे. म्हणून हल्ली गुणांची वाटणी झालेली दिसते. कुठे साठ बाहेरचे आणि चाळीस घरचे, कुठे पंचाहत्तर आणि पंचवीस. ट्यूटोरियल, टर्मवर्क, असाइनमेंट, सेमिनार, प्रकल्प. नावे अनेक, हेतू एक. मुलाला त्याला ओळखणाऱ्या माणसाने तोलावे.

हेतू सोन्यासारखा. पण मला या जुन्या, निष्ठुर परीक्षेची बाजूही घ्यावीशी वाटते. तिला मुलाचे नाव ठाऊक नसे, हा तिचा दोष. पण आडनावही ठाऊक नसे, हा तिचा केवढा मोठा गुण! आमच्याकडे आडनावात गाव, जात आणि बापाची ऐपत असे सगळेच वाचता येते. उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक. तो क्रमांक पाटलाचा की पाटलाच्या गड्याचा, हे नागपूरला किंवा कोल्हापूरला पेपर तपासीत बसलेल्या माणसाला कळायला वाव नाही. कितीतरी घरांतली पहिली पदवी त्या आंधळ्या क्रमांकाच्या पाठीवर बसून आली आहे. घरचे गुण आले की डोळे उघडतात. आणि उघडे डोळे नेहमी न्यायच करतात असे नाही. ज्या मुलाच्या घरी टीपॉयही नाही आणि त्यावर काचही नाही, त्याची फाईल आणि रंगीत छापून, बांधून आणलेली फाईल शेजारी शेजारी ठेवली, तर हात कुठल्या फायलीकडे जाईल? ही धास्ती खोटी नाही. तिच्यावर कॉलेजांनी शोधलेला उपाय मात्र मोठा मासलेवाईक आहे. कुणावर अन्याय नको, म्हणून पंचवीसपैकी साऱ्यांनाच बावीस-तेवीस. गाढव आणि घोडा एका दावणीला बांधले की दोघांतले कुणीच तक्रार करीत नाही. घोडा थोडे दिवस खिंकाळतो. मग तोही चारा खाऊ लागतो.

या साऱ्या खटाटोपाला मुले 'सबमिशन' म्हणतात. हा इंग्रजी शब्द मोठा बोलका आहे. त्याचा एक अर्थ दाखल करणे आणि दुसरा शरण जाणे. आपण मराठीत 'सादर करणे' म्हणतो. भाषाशास्त्री या शब्दाचे मूळ कुठे नेऊन भिडवतील ते भिडवोत. मला त्यात आदर ऐकू येतो. आपल्या कामाविषयी आणि ते पाहणाऱ्याविषयीही. विद्यार्थी कागद घेऊन येतो तेव्हा तो शरण येतो की सादर करतो, यावर सगळे अवलंबून आहे. सादर करणारी काही माणसे आपल्या इतिहासात होऊन गेली, त्यांची आठवण अशा वेळी फार आधार देते.

रानड्यांचेच घ्या. एल्फिन्स्टनमध्ये असताना त्यांनी एका निबंधात मराठी राज्य आणि इंग्रजी राज्य यांची तुलना करून झुकते माप मराठी राज्याला दिले. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. रानड्यांवर त्यांचा लोभ होता. तरी त्यांनी बोलावून घेतले, जे सरकार तुला शिकवते त्याची निंदा तू करू नयेस असे सुनावले आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली, अशी हकिकत रानड्यांच्या चरित्रात येते. एका निबंधाचे हे मूल्यमापन! रानड्यांनी आदळआपट केली नाही. विषयही सोडला नाही. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मला ते त्या निबंधाचे दुसरे सबमिशन वाटते.

'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातले मोठे नाव. पुढे नाझींना ज्यांचे विचार सोयीचे झाले, त्यांपैकी एक. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी दीडशेच्या घरात कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिले की, असा संबंध आढळत नाही. गुरूच्या घरी राहून गुरूचेच मत खोडणारा प्रबंध गुरूपुढे ठेवायचा! उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी त्यांना मिळाली. शंभर वर्षे होत आली. ती श्रेणी आज कुणाला खाली वाटते?

आणि डॉ. आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केला. इंग्रज सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात कडक टीका होती. परीक्षकांनी तो परत केला. पुन्हा लिहून आणा म्हणाले. तोवर पैसे संपत आले होते आणि मुंबईला परतणे भाग होते. बाबासाहेबांनी मुंबईत बसून प्रबंध नव्याने लिहून लंडनला धाडला. भाषा सौम्य केली, निष्कर्ष सोडले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. १९२३ साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षी प्रबंधाचे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. तिच्यात कॅननसाहेबांनी मोकळेपणाने लिहिले आहे की, लेखकाची पुष्कळ मते मला मान्य नाहीत. तरी त्याच्या विचारांत ताजेपणा आहे. मतभेद नोंदवून पाठीवर थाप मारणारा हा वाचक मला पदवीइतकाच मोलाचा वाटतो. प्रबंध परत करणाऱ्या परीक्षकांनीही तो वाचला तर होता! न वाचता उत्तीर्ण होण्यापेक्षा वाचून परत येणे कितीतरी सन्मानाचे.

या तिघांनीही, आपापल्या परीने, 'सर, तेवढंच आलं' असेच म्हटले होते.

आता काळ पालटला. जर्नलांचे ढीग पुष्कळ ठिकाणी गेले. काम संगणकावरून धाडायचे. मुदत रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांची, आणि साऱ्या वर्गाचा उत्साह अकरा पन्नासला जागा होतो. उतरवलेले काम पकडायलाही यंत्रे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधातला मजकूर दहा टक्क्यांपर्यंत दुसरीकडे सापडला तर दंड नाही; चाळीस टक्क्यांपर्यंत सापडला तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा; साठपर्यंत गेला तर वर्षभर दाखल करायला बंदी; त्यापुढे नोंदणीच रद्द. दुधात पाणी किती, हे काढणाऱ्या दुग्धमापकासारखे हे यंत्र. मुलांनीही त्यावर तोड काढली. वाक्ये तीच, शब्द फिरवून. 'सूर्य उगवला' असेल तिथे 'दिनकराचा उदय झाला'. यंत्राला शब्द ओळखता येतात. विचार कुणाचा, ते त्याला कसे कळावे?

आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून तर प्रश्न विचारताच सबंध निबंध लिहून देणारे यंत्र घरोघर आले. ते उतरवीत नाही; दर वेळी नवे लिहिते. मला त्याच्या निबंधांचे एवढे वाटत नाही. वाटते ते लंबकाचे. आजवर खरी वही तिच्या वाकडेपणावरून ओळखू येत होती. ९७१, ९७८, ९७३, हे आकडे पाहिले की इथे कुणीतरी खरोखर उभे होते, हे समजायचे. हे यंत्र मागाल तसा वाकडेपणाही करून देते. 'तीन वेळचे आकडे दे, थोडे चुकलेले दे,' म्हटले की हजर. एका टोकाला मूल यंत्राकडून लिहून घेते आहे आणि दुसऱ्या टोकाला शिक्षक यंत्राकडून तपासून घेतो आहे, अशी वेळ आली, तर मधल्या मधे विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांनाही सुट्टी द्यायला हरकत नाही.

पण मी निराश नाही. कारण त्या तालुक्याच्या गावी ९७४ चे खरेपण सिद्ध झाले, ते वहीमुळे झाले नाही. एका माणसाने दुसऱ्याला विचारले, 'कसं आलं?' आणि दुसऱ्याने उत्तर दिले, तेव्हा झाले. याला कॉलेजात तोंडी परीक्षा म्हणतात. लेखीच्या तोऱ्यात तिला आपण पाच-दहा गुणांची पाहुणी करून ठेवले होते. आता पुष्कळ शिक्षक पुन्हा तिच्याकडे वळताहेत. मुलाला समोर बसवून, त्याच्याच कामातला एक कोपरा धरून, हे तू असेच का केलेस, असे विचारू लागले आहेत. साठ मुलांना असे विचारायचे तर वेळ लागतो, माणसे लागतात. शिक्षकांच्या जागा भरल्या पाहिजेत आणि वर्ग आटोपशीर हवेत. ओळखणाऱ्या माणसाने तोलावे आणि तरीही आडनाव वाचू नये, ही कसरत त्या शिक्षकाला शिकावी लागेल. मापनाचा एवढा खर्च झेपत नसेल, तर मापायचा आव तरी आणू नये.

तोवर आपल्यासारख्यांनी करण्याजोगे एक छोटे काम आहे. चार दिवसांत घरे पाहुण्यांनी भरतील. लाडवाची बशी पुढे येईल, आणि कॉलेजात जाणारा एखादा भाचा किंवा पुतणी नमस्काराला वाकली की आपल्या तोंडून सवयीने शब्द निघतील, 'काय, किती मार्क पडले?' या प्रश्नाला उत्तर एकच असते, एक आकडा. आणि तो बहुधा ९८१ च असतो. त्याऐवजी यंदा विचारून पाहा, 'यंदा तू स्वतः काय केलंस? आणि काय आलं?' मूल आधी बुजेल. मग इकडेतिकडे पाहत काहीतरी सांगू लागेल. अडखळत, मधले विसरत, उत्तर अर्धवट सोडून. तेव्हा लाडू खाली ठेवावा आणि ऐकावे.